वृक्षनगरीचे मानांकन आणि खडकीची माती

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतील आर्बर डे फाउंडेशन या दोन संस्थांनी २०१८ मध्ये ‘जगातील वृक्षनगरे’ हा उपक्रम जाहीर केला. शहरातील झाडांची जबाबदारी निश्चित असणे, त्यांच्या संरक्षणाचे नियम असणे, झाडांची गणना झालेली असणे, त्यांसाठी स्वतंत्र तरतूद असणे आणि वर्षातून एकदा वृक्षोत्सव साजरा होणे, हे त्याचे पाच निकष होत. भारतात २०२० या वर्षासाठी हैदराबादला प्रथम हा मान मिळाला. पुढील वर्षी मुंबईची भर पडली. छत्रपती संभाजीनगरने (पूर्वीचे औरंगाबाद) अशी आकांक्षा धरावयाची, तर तिची कसोटी कोठे लागेल, याचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

यांतील बहुतेक निकष महाराष्ट्राला नवे नाहीत. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्याने वृक्ष प्राधिकरण, तोडीसाठी पूर्वपरवानगी, नियतकालिक वृक्षगणना आणि वृक्ष उपकर या बाबी केव्हाच सांगितल्या आहेत. मुंबईत राणीच्या बागेत भरणारे वृक्ष प्राधिकरणाचे वार्षिक प्रदर्शन पाहता पाचव्या निकषाचीही आपणांस ओळख आहे. तेव्हा उणीव कायद्याची नव्हे, अंमलाची आहे. शिवाय हे निकष मुख्यतः प्रशासनाची परीक्षा घेतात. लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहे काय, हे ते थेट विचारीत नाहीत. या शहरापुरता तोच प्रश्न कळीचा आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या नगराचे मूळ नाव खडकी. बेसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि मोसमी पाऊस. अशा भूमीवर बाग हवी तर आधी पाणी आणावे लागते. अंबरने नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडील भूजल उताराच्या बळावर भूमिगत मार्गाने शहरात येई. वाटेतील उंच दगडी बंबे पाण्याचा दाब सांभाळीत. पुढे पाणचक्कीची नहर झाली. बीबी-का-मकबऱ्याची चारबाग आणि दिल्ली दरवाजाजवळचा सुमारे ३०० एकरांचा हिमायतबाग या वारशाची साक्ष देतात. हिमायतबागेत आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. नहरींची निगा सुटली, त्यांवर वस्ती चढली आणि शहराची तहान सुमारे ५० किलोमीटरवरील जायकवाडीवर विसंबली. गेल्या दोन दशकांत अनेक वस्त्यांना काही दिवसांआड पाणी मिळत आले आहे. जेथे माणसांचीच ही अवस्था, तेथे रोपाला पाणी कोण घालणार?

याच मातीत नागसेनवन उभे राहिले, ही गोष्ट म्हणूनच अधिक मोलाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले आणि परिसराच्या नावातच ‘वन’ आले. बाबासाहेबांचा वृक्षलागवडीचा आग्रह सर्वश्रुत आहे. राजाश्रयाची बाग आणि शिक्षणसंस्थेचे वन यांत एक फरक आहे: दुसरे शाहीच्या लहरीवर अवलंबून नसते. (शिक्षकवर्गाने याकडे अभिमानाने पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते, परंतु आपापल्या आवारातील झाडांची नोंदवही किती महाविद्यालयांकडे आहे?)

सिडकोने वसविलेला नव्या शहराचा भाग २००६ मध्ये महापालिकेकडे आला. त्याबरोबर तेथील उद्यानांचे उत्तरदायित्वही आले. पुढे प्रियदर्शिनी उद्यानातील स्मारकाच्या निमित्ताने वृक्षतोडीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. मानांकनाच्या अर्जात अशा प्रकरणांसाठी रकाना नसतो.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास ‘वारसावृक्ष’ ठरविले आणि तोडीच्या भरपाईदाखल लावावयाच्या रोपांची संख्या झाडाच्या वयाशी जोडली. त्यामुळे वयाची नोंद हा आता शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे, कायदेशीर हक्काचा विषय आहे. नागसेनवनात १९५० च्या दशकात लावलेले जे वृक्ष आज उभे असतील, ते या व्याख्येत सहज बसतात. त्यांचे वय कागदावर सिद्ध करण्यास लागवडीची जुनी दप्तरे, छायाचित्रे आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी एकत्र कराव्या लागतील, आणि ते काम वनस्पतिशास्त्र व इतिहास या दोन विभागांना मिळूनच करता येईल.