जिव्हाबंधाचा छेद : सेल्ससची साक्ष व सुश्रुताचा पाठ

कांहीं बालकांच्या जिभेखालचा पातळ पडदा जन्मतःच आंखूड असतो. त्यामुळें जीभ तोंडाच्या तळाशीं जखडल्यासारखी राहते. तो छेदून जीभ मोकळी करणें ही क्रिया लहान, परंतु तिची परंपरा जुनी आहे. तिचा निःसंदिग्ध लेखी पुरावा कोणता, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत वैद्यकावर आठ खंडांचा लॅटिन ग्रंथ रचिला. त्याच्या सातव्या खंडांत हा विधि आहे. जिभेचें टोंक चिमट्यानें धरावें, खालचा पडदा कापावा व शेजारच्या शिरांस अत्यंत जपावें, असें तो सांगतो. इटलींत इ. स. १४२६-२७ च्या सुमारास या ग्रंथाच्या प्रति विद्वानांच्या हातीं आल्या, आणि १४७८ सालीं फ्लॉरेन्स येथें तो छापला गेला. पुढें युरोपांत कांहीं सुइणी हा पडदा नखानें तोडीत. इटालियन शल्यवेत्ता फाब्रिसियस यानें त्या चालीचा निषेध केला.

सुश्रुतसंहितेंतील ‘उपजिह्विका’ म्हणजेच जिव्हाबंध, असें अनुमान नामसादृश्यावरून सहज निघूं शकतें. परंतु निदानस्थानांतील लक्षण पाहतां ती जिभेच्या अग्रासारखी, जिभेस वर उचलणारी सूज आहे. चिकित्साहि लेखन करून क्षार चोळण्याची सांगितली आहे. ‘अलास’ या रोगांत जीभ स्तब्ध होते खरी, पण तेथेंहि मूळ जिभेखालची सूजच. सूज म्हणजे जन्मजात पडदा नव्हे. सबब या दोन स्थळांवरून जिव्हाबंधाचा छेद सुश्रुतास ठाऊक होता असें सिद्ध होत नाहीं; सुश्रुताची थोरवी अशा आधारावर अवलंबूनहि नाहीं.

सेल्ससची साक्ष आम्हांस विशेष मोलाची वाटते ती त्याच्या शेवटच्या वाक्यामुळें. जखम भरल्यावर बहुतेक जण बोलूं लागतात, असें सांगून तो लगेच नमूद करितो कीं, छेदानंतर ज्याची जीभ दातांबाहेर सहज येई, तरी ज्यास वाचा आली नाहीं, असा एक रोगी आपणांस माहीत आहे. स्वतःच्या विधीचें अपयश लपवून न ठेवणारा लेखक साक्षीदार म्हणून अधिक विश्वासार्ह ठरतो. हा छेद कोणास खरोखर आवश्यक, याविषयीं वैद्यांत आजहि मतभेद आहेत.

आपल्या संग्रहांतील वैद्यकाच्या पोथ्या व बाडें चाळतांना संग्राहकांनीं रोगाचें केवळ नांव टिपूं नये. लक्षण, शस्त्र व क्रिया हीं तिन्ही उतरून घ्यावीं. तिन्ही जुळल्यावांचून निर्णय करणें धाडसाचें होईल.