दूरची किल्ली कुणाच्या हातात?

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाटण खोऱ्यातल्या एका गावात गटाचे कर्जाचे हप्ते ऑनलाइन भरायचे होते, आणि दोन दिवस इंटरनेट चालेना. डब्यावरचे दिवे तर लागलेले. बायका शेतातली कामं टाकून हेलपाटे घालत होत्या. शेवटी दूर शहरात बसलेल्या माणसानं आपल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून चार ओळी लिहिल्या आणि नेट आलं. लाइन डब्यापर्यंत येतच होती, डब्याला पुढची वाट सापडत नव्हती. या डब्याला राउटर म्हणतात. तो चौकातल्या वाटाड्यासारखा, कुठला निरोप कुठल्या वाटेनं पाठवायचा ते ठरवतो.

दुरून हुकूम लिहून यंत्र चालवायची रीत जुनी आहे. अमेरिकेत 1969 साली टेलनेट निघालं. पण त्यात पासवर्डही उघडाच जायचा, पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहावा तसा. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 मध्ये तिथल्याच एका संशोधकानं एसएसएच ही बंद पाकिटाची पद्धत काढली. पुढे हीच कामं ब्राउझरच्या पानावरूनही होऊ लागली.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यातली 70 गावं कॉम्प्युटरनं जोडायची सरकारी योजना सुरू झाली. उसाची नोंद, वजन, तोडणीचा परवाना गावातच कळावा, कारखान्यावर खेटे नकोत, हा हेतू. पण कॉम्प्युटर सांभाळणं महाग पडायचं. मग 2006-07 च्या सुमारास काही गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे साधा मोबाइल वापरून पाहिला. शेतकऱ्यानं ठरलेले शब्द एसएमएसनं पाठवायचे, कारखान्याकडच्या कॉम्प्युटरनं उत्तर द्यायचं. नीट पाहिलं तर हीसुद्धा दुरून लिहिलेली आज्ञाच. फरक इतकाच, की ती आता शेतकऱ्याच्या हातात आली होती.

आम्हाला यातला हा शेवटचा भाग मोलाचा वाटतो. आमच्या त्या गावात डबा आपला, बिल आपण भरतो, पण किल्ली कुणाकडे हे गटात एकीलाही माहीत नव्हतं. वर पासवर्डही कंपनीतून आला तोच होता. म्हणजे बाहेरच्या कुणालाही दार उघडणं सोपं.

म्हणून आम्ही तीन गोष्टी केल्या. पासवर्ड बदलून पाकिटात घातला आणि पाकीट अध्यक्षा व सचिवांकडे ठेवलं. दुरून आत येण्याची सोय एरवी बंद ठेवायची, दुरुस्तीपुरतीच उघडायची, असं ठरवलं. आणि दुरुस्ती झाली की काय बदललं ते तंत्रज्ञाकडून विचारून वहीत उतरवायचं.

बचतीच्या पेटीची किल्ली आपण परक्याकडे ठेवत नाही ना? मग हीसुद्धा आपल्याकडेच हवी. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं विचारा: आपल्या डब्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?