वैद्यकीय पर्यटन : कुंभकोणम परिसर

औषधोपचारासाठी स्वग्राम वा स्वदेश सोडून जाण्याच्या प्रघातास वैद्यकीय पर्यटन हे नाव अलीकडचे असले, तरी कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसरास तो प्रघात नवा नाही. ईशान्येकडील वैद्दीश्वरन कोविल येथे शिवास वैद्य मानून दूरदूरचे रोगी आजही मीठमिरे वाहतात.

तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे (धर्मशाळा) बांधून त्यांच्या खर्चासाठी जमिनी तोडून दिल्या. दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांनी १८०१ मध्ये कंपनी सरकारच्या रेसिडेंटास या छत्रांविषयी जे पत्र लिहिले, त्यावरून वाटेत आजारी पडलेल्या यात्रेकरूस तेथे औषध व पथ्याचे अन्न मिळे, तो बरा होईतो त्याची शुश्रूषा होई आणि गरोदर स्त्रीचे बाळंतपणही तेथेच निभावले जाई, असे दिसते. याच राजाने धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था स्थापिली. त्याच्या कारकीर्दीतील नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. परक्या रोग्याचा खर्च असा जमीनमहसुलातून भागे. तो महसूल स्थानिक रयतेच्याच कष्टाचा होता, हे मात्र विसरता येत नाही.

आजचा परदेशी रोगी, विशेषतः बांगलादेशी, स्वतःच्या पैशाने चेन्नई किंवा वेल्लोर गाठतो. त्यामुळे परकीय चलन येते, यंत्रसामग्री अद्ययावत राहते, परंतु तज्ज्ञ व भांडवल ही दोन्ही महानगराकडे ओढली जातात आणि कुंभकोणमच्या हृद्रोग्यास अनेकदा तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय (स्था. १९५९) किंवा त्याहूनही दूरचे रुग्णालय गाठावे लागून प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भुर्दंड सोसावा लागतो. याचा सारा दोष परदेशी रोग्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. शहरातील धनिक देशी रोगीही त्यास तितकाच कारण आहे. गरिबास आधार उरतो तो गावच्या सरकारी इस्पितळाचा आणि घाऊक औषधखरेदीसाठी तमिळनाडू सरकारने १९९४ मध्ये स्थापिलेल्या महामंडळाचा.

सरकारी सवलतीच्या मोबदल्यात रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखण्याचे बंधन घालण्याचा दाखला महाराष्ट्रात सापडतो : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २००२ मध्ये परदेशी रोग्यांच्या उपचारातून होणाऱ्या प्राप्तीस निर्यातीच्या सवलती देऊ केल्या; त्यांच्या बदल्यात स्थानिक रोग्यासाठी एकही खाट मागितली नाही.