सेफार्दी ज्यू व स्पेन

सेफार्दी ज्यू व स्पेन : स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज आणि तो देश यांच्यातील राजकीय संबंध. ३१ मार्च १४९२ रोजी राजा फर्डिनंड व राणी इझाबेला यांनी काढलेल्या आलांब्रा फर्मानाने ज्यूंपुढे दोनच वाटा ठेवल्या : बाप्तिस्मा किंवा देशत्याग. उस्मानी सुलतान दुसरा बायेझीद याने निर्वासितांना आसरा दिला. सालोनिका, इस्तंबूल, इझ्मीर, सारायेव्हो येथे त्यांच्या वस्त्या वाढल्या आणि जुन्या स्पॅनिशमधून घडलेली लादिनो घराघरांत टिकून राहिली. काही कुटुंबे पोर्तुगालला गेली. तेथे १४९७ मध्ये त्यांचे सक्तीने धर्मांतर झाले. गोव्यात १५६३ मध्ये औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता अशाच कुटुंबातला. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडे उकरून जाळली.

स्पेनने या संबंधांना राजकीय रूप दिले ते विसाव्या शतकात. सिनेटर आंखेल पुलिदो यांना १९०३ मध्ये डॅन्यूब नदीवरील प्रवासात स्पॅनिश बोलणारे ज्यू भेटले आणि त्यांनी या समाजाशी नाते जोडण्याची मोहीमच उघडली. पूर्व भूमध्य प्रदेशात व्यापार व प्रभाव वाढावा, हा हेतूही तिच्यामागे होता. उस्मानी साम्राज्य मोडल्यावर स्पॅनिश वकिलातींच्या संरक्षणाखाली राहणारे सेफार्दी उघड्यावर पडले. तेव्हा प्रिमो दे रिव्हेरा यांच्या सरकारने २० डिसेंबर १९२४ रोजी हुकूम काढून अशा संरक्षितांना नागरिकत्व देऊ केले. मुदत १९३० अखेरपर्यंत होती. लाभ घेणारे थोडेच निघाले.

या हुकुमाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. नाझींनी १९४३ मध्ये सालोनिकाचा जवळजवळ सारा ज्यू समाज आउश्वित्सला पाठवला. स्पॅनिश कागदपत्रे असलेल्या ३६७ जणांना मात्र बर्गेन-बेल्सेनला नेण्यात आले. अथेन्समधील वाणिज्यदूत सेबास्तियान रोमेरो रादिगालेस त्यांच्यासाठी झगडत होते, पण फ्रँको सरकार चालढकल करत राहिले. फेब्रुवारी १९४४ मध्ये बर्गेन-बेल्सेनमधील हे लोक स्पेनला पोहोचले, तेही देशात न थांबता पुढे जाण्याच्या अटीवर. ज्यांना आपले नागरिक म्हणून कागद दिले, त्यांनाच घरात थारा नाकारण्याची ही कृती या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणी मानावी लागेल. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये स्पॅनिश मुत्सद्दी आंखेल सांझ ब्रिझ यांनी कधीच मुदत संपलेल्या १९२४ च्या हुकुमाचा हवाला देऊन संरक्षणपत्रे वाटली. २०० व्यक्तींसाठी मिळालेली परवानगी त्यांनी २०० कुटुंबांची म्हणून वापरली आणि पुढे तीही मर्यादा ओलांडली. वाचलेल्यांची संख्या सुमारे ५,२०० सांगितली जाते. त्यांतले बहुतेक सेफार्दी नव्हतेच. हुकूम जुनाच होता. तो कोणाच्या हाती पडला, यावर माणसांचे जगणे-मरणे ठरले.

१४९२ चे फर्मान औपचारिकपणे रद्द व्हायला १९६८ उजाडले. इस्राएलशी राजनैतिक संबंध १९८६ मध्ये जुळले, आणि ३१ मार्च १९९२ रोजी राजे हुआन कार्लोस माद्रिदच्या सिनेगॉगमध्ये इस्राएलचे अध्यक्ष हाइम हेर्झोग यांच्यासह प्रार्थनेला उपस्थित राहिले.

२०१५ च्या कायद्याने सेफार्दी वंशजांना मूळचे नागरिकत्व न सोडता स्पॅनिश नागरिकत्व घेण्याची मुभा दिली. मात्र वंशाचा पुरावा, स्पॅनिशभाषक देशांबाहेरील अर्जदारांना भाषेची परीक्षा आणि स्पेनमध्ये येऊन नोटरीपुढे सही, अशा अटी होत्या. इझ्मीरच्या किंवा सालोनिकाच्या आजीची लादिनो या परीक्षेत पुरेशी ठरत नव्हती, हे खटकणारे आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी मुदत संपेपर्यंत सुमारे १ लाख ३२ हजार अर्ज आले. त्यांत मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला येथील अर्जदारांचा भरणा मोठा होता. पुढे पुराव्यांची छाननी कडक झाली आणि २०२१ मध्ये हजारो अर्ज फेटाळले गेले.