डांबण्याला कायदेशीर करणारा कायदा

१८६० च्या भारतीय दंड संहितेने माणसाला ठराविक हद्दीत बेकायदा डांबून ठेवणे हा गुन्हा ठरवला. त्यासाठी तुरुंग लागत नाही. दारावर बंदूकधारी उभे करून 'बाहेर पडलास तर गोळी घालू' म्हटले, तरी आतला माणूस डांबलेलाच. हे उदाहरण खुद्द संहितेतले आहे. आजच्या न्याय संहितेत हा गुन्हा कलम १२७ मध्ये येतो.

मेख आहे ती 'बेकायदा' या शब्दात. डांबण्याचाच कायदा केला तर?

सरकारने तो केला. अवघ्या ११ वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे जातिव्यवस्थेकडे बोट दाखवून त्याचे समर्थन झाले. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्यात ओढला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. हजेरी होती, बाहेर जायला पास होता. मुलांना आईबापांपासून तोडण्याची सोयसुद्धा कायद्यात होती. कित्येकांवर खटला नाही, आरोप नाही. त्या जमातीतला जन्म पुरे. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेवर कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही, असेही कायद्यातच लिहिलेले. म्हणजे दंड संहितेच्या हिशेबाने तिथे कोणी डांबलेलेच नव्हते! हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला.

बाबासाहेबांना ही मेख नेमकी दिसत होती. १५ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी कलम १५-अ मांडले. आधी मंजूर झालेल्या कलमाने (आजचे २१) कोणालाही कशीही अटक करणारा कायदा करायला संसद मोकळी राहते, ही टीका मान्य करून, नवे कलम ही त्याची भरपाई आहे असे त्यांनी सांगितले. तेच आजचे कलम २२: अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. (प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाटही त्याच कलमात आहे. ती आपण भाषणात गाळतो, गाळू नये.)

पण डांबून झाल्यावर काय? बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. बाबासाहेबांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटले त्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरकारला एकूण ३५,००० रुपये द्यायला लावले. चौदा वर्षांचे पस्तीस हजार! मात्र ही अंतरिम रक्कम आहे, सरकार आणि दोषी अधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावायला तो मोकळा आहे, असेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले.