रेफरी मैदानात आला, कोच रेषेवर आला

नंदाखालमध्ये फुटबॉलवर बोलायचं म्हणजे थोडी धास्तीच वाटते. समोर बसलेल्यांतले निम्मे तरी माझ्यापेक्षा बरे खेळलेले असणार. म्हणून मी खेळाडूंवर बोलत नाही. रेषेबाहेर उभा राहून रेफरीवर ओरडणाऱ्या माणसावर, म्हणजे कोचवर बोलतो.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले गेले, त्यांत रेफरीचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ खेळणार, वाद आपसांत मिटवणार, अशी समजूत. ती कितीशी टिकणार! मग प्रत्येक संघ आपापला अंपायर आणू लागला. खेळाडूंनी क्रिकेटसारखं अपील करायचं आणि दोन अंपायरांचं जमलं नाही, तर बाहेरच्या तिसऱ्याकडे जायचं. हा तिसरा म्हणजे रेफरी. १८९१ मध्ये त्याला मैदानात आणलं आणि अंपायरांना रेषेवर पाठवलं. थोड्याच वर्षांत तो अपिलाची वाट न बघता निर्णय देऊ लागला.

या सगळ्यात कोच कुठे आहे? कुठेच नाही. सामना चालू असताना बाहेरून सूचना देणं बराच काळ नियमात बसत नव्हतं. रेषेजवळ आखलेला तो चौकोन, टेक्निकल एरिया, आला १९९३ मध्ये. म्हणजे कोचला तिथं उभं राहून बोलायची परवानगी मिळाली ती अगदी अलीकडे, आणि तीही ‘जबाबदारीने वागेल’ या अटीवर. हे आपले बरेच कोच विसरतात. खेळाडूंना पिवळं-लाल कार्ड १९७० च्या वर्ल्ड कपपासून आहे. कोचला कार्ड दाखवायची तरतूद नियमांत यायला २०१९ उजाडलं. बाकावरून कुणीतरी शिवी दिली आणि कोण ते कळलं नाही, तर आता कार्ड मुख्य कोचच्या नावावर चढतं. मला हा नियम फार आवडतो.

आता आपल्या देशातलं उदाहरण. ३ मार्च २०२३, बेंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, आयएसएलचा बाद फेरीचा सामना. जादा वेळेत सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली. केरळा ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत उभी करत होते. गोल. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी तो ग्राह्य धरला. शिट्टीची वाट बघायला हवी होती की नाही, यावरून वाद पेटला आणि कोच इव्हान वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर बोलावून घेतला. सामना बेंगळुरूला बहाल झाला. क्लबला ४ कोटींचा दंड, कोचवर १० सामन्यांची बंदी.

त्या गोलाबद्दल कोचची तक्रार खरी होती असं क्षणभर धरा. तरीही जादा वेळेतली बरीच मिनिटं उरली होती, बरोबरी करता आली असती. ती संधी त्यांच्याच कोचने काढून घेतली. सामन्यानंतर लेखी तक्रार करता येते, चौथ्या अधिकाऱ्याला शांतपणे विचारता येतं, कॅप्टनला पाठवता येतं. युरो २०२४ मध्ये तर रेफरीकडे फक्त कॅप्टननेच जायचं असं ठरलं.

गावच्या स्पर्धेत चौथा अधिकारी नसतो. कोचचा आवाज थेट रेफरीच्या कानावर जातो, आणि आपल्या पोरांच्याही. माझंच सांगतो. चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. ऑफसाइडवरून मी रेफरीला नको ते बोललो. रेफरी म्हणजे कॉलेजात जाणारा पोरगा. दुसऱ्या हाफमध्ये आमचा गोलकीपर त्याला तेच शब्द ऐकवत होता, अगदी माझ्याच सुरात. पिवळं कार्ड त्याला मिळालं. मला काहीच नाही. तेव्हा कोचला कार्ड नव्हतं ना.

सामना संपल्यावर मी हात मिळवायला गेलो, तर तो रेफरी सायकल काढून निघूनही गेला होता. पुढच्या मोसमात आम्ही त्याला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही.