कुपीची साक्ष

श्रोतेहो, दूरच्या गांवाहून उन्हातान्हांतून पाहुणा दारीं आला, म्हणजे त्याचा प्रवास कसा झाला हें त्याच्या चेहऱ्यावरूनच आपणांस कळतें. औषधाच्या कुपीला असा चेहरा नसतो. कारखान्यांतून निघतांना ती जशी दिसते, तशीच उन्हांत चार दिवस पडून निकामी झाल्यावरहि दिसते. कांच तीच, बूच तेंच, वरचा कागदहि तोच. या मुक्या कुपीला वाचा कशी फुटली, याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

प्रारंभ देवीच्या लशीपासून करूं. इ. स. १७९६ मध्यें एडवर्ड जेन्नर यानें गाईच्या देवींची लस टोचल्यानें माणसाच्या देवी टळतात, हें दाखवून दिलें. लस तर सांपडली. ती परमुलखीं न्यावी कशी? व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो यानें लशींत भिजविलेले धागे कांचेच्या पट्ट्यांमध्यें ठेवून, मेणानें बंद करून, बगदादकडे रवाना केले. तेथून बसऱ्यास, आणि बसऱ्याहून जहाजानें मुंबईस, ही लस एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी हातोहात आली. ता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली आणि लागू पडली. तिच्या दंडावरच्या लशीनें मुंबईंतील आणखी मुलांस टोचण्यांत आलें, आणि तेथून ती पुण्यास, सुरतेस व पुढें दक्षिणेंत गेली. पुढच्याच वर्षीं स्पेनच्या राजानें बाल्मिस या वैद्याबरोबर २२ अनाथ मुलगे जहाजांत घालून अमेरिकेकडे पाठविले, ते याच कामासाठीं.

या कथेंतील एक गोष्ट लक्षांत घ्या. लस जिवंत आहे कीं मेली, हें सांगणारें साधन त्या काळीं एकच होतें : टोचलेल्या मुलाचा दंड. फोड आला तर लस खरी. न आला तर खोटी. कुपीला बोलतां येत नव्हतें, म्हणून तिच्या वतीनें लेंकरांना साक्ष द्यावी लागे.

पुढें बाटलीचें युग आलें आणि साक्षीचा हा प्रश्न अधिकच बिकट झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यानें प्लेगची लस सिद्ध केली आणि ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. परळ येथील त्याच्या प्रयोगशाळेंतून बाटल्या देशभर जाऊं लागल्या. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून ज्यांना लस मिळाली, ते १९ जण धनुर्वातानें मरण पावले. दोष कोणाचा? बाटली परळहून निघतांनाच दूषित होती, कीं खेड्यांत उघडतांना दूषित झाली? पहिल्या चौकशीनें ठपका प्रयोगशाळेवर ठेविला, आणि हाफकिनास काम सोडावें लागलें. बूच काढतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करतां वापरला गेला, ही गोष्ट पुराव्यांत असूनहि तिला वजन मिळण्यास वर्षें लागलीं. रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं आवाज उठविला, आणि १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाला. येथील बिघाड उन्हाचा नव्हता, हें खरें. परंतु प्रश्न तोच होता : वाटेंत काय घडलें, आणि तें कोणाच्या हातीं? बाटली सांगूं शकत नव्हती, म्हणून एका माणसाची अब्रू जवळ जवळ पांच वर्षें टांगून राहिली. त्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिनचेंच नांव आहे.

१९५० नंतर लेस्ली कॉलियर या इंग्लिश शास्त्रज्ञानें देवीची लस गोठवून वाळविण्याची उत्तम रीत बसविली. ही कोरडी लस उष्ण देशांतहि टिकली, आणि १९८० मध्यें जगांतून देवीचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. परंतु पोलिओचे तोंडावाटे द्यावयाचे थेंब इतके चिवट नव्हते. उष्णतेनें ते झपाट्यानें निकामी होत. म्हणून कारखान्यापासून खेड्यापर्यंत शीतपेट्या आणि बर्फाचे डबे यांची एक शीतसाखळी उभी करण्यांत आली. पेटीवरील तापमापक दिवसांतून दोनदां पाहून आंकडा वहींत लिहावयाचा, असा नियम झाला. पण रात्रीं वीज गेली आणि पहांटे आली, तर वही त्याविषयीं मुकीच! मग शंका आली कीं बाटल्या फेकून द्यावयाच्या. त्यांत चांगल्याहि जात. आणि जेथें शंका आली नाहीं, तेथें वाईटहि मुलांच्या तोंडीं पडत.

या कोंडींतून वाट काढली ती एका लहानशा ठिपक्यानें. १९७९ च्या सुमारास ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेनें जागतिक आरोग्य संघटनेबरोबर शोध आरंभिला, आणि १९९६ पासून पोलिओच्या कुपीवर ही खूण येऊं लागली. जांभळट वर्तुळ आणि त्याच्या मध्यें फिकट चौकोन, एवढेंच तिचें स्वरूप. चौकोनांतील रसायन उष्णतेनें हळूहळू गडद होत जातें. ऊन जितकें कडक, तितका रंग लवकर चढतो, आणि चढलेला रंग पुन्हां उतरत नाहीं. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला कीं कुपी त्याज्य. लशीच्या नाजूकपणाप्रमाणें खुणेचे चार मुख्य प्रकार करण्यांत आले. ३७ अंश सेल्सिअसच्या उष्णतेंत त्या अनुक्रमें २, ७, १४ आणि ३० दिवसांत आपला निकाल देतात. पोलिओच्या वांट्यास आली ती दोन दिवसांची.

या ठिपक्यानें न्यायासन हलविलें. कुपी चांगली कीं वाईट, हा निवाडा आतां दूरच्या कचेरींत न होतां, दारोदार फिरणाऱ्या परिचारिकेच्या तळहातावर होऊं लागला. मुलाला कडेवर घेतलेल्या आईलाहि, अक्षरओळख नसली तरी, तो ठिपका वाचतां येई. हिंदुस्थानांत पोलिओचा शेवटचा रोगी ता. १३ जानेवारी १९११ नव्हे, तर २०११ रोजीं आढळला, म्हणजे कालचीच गोष्ट म्हणावयाची, आणि ता. २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. या यशाचे धनी पुष्कळ आहेत. त्यांत या मुक्या ठिपक्याचाहि वांटा आहे.

तरी ठिपक्याची साक्ष अपुरी. ऊन लागलें, एवढें तो सांगतो. कोठें लागलें आणि कधीं, हें सांगत नाहीं. आणि कांहीं लशी उन्हापेक्षां गोठण्यानें बिघडतात; कावीळ-ब किंवा धनुर्वात यांच्या लशी अशाच. गारठ्याविषयीं ठिपका अबोल. येथें मदतीस आली ती, ज्यांच्यावरून माझा शब्द आपणांपर्यंत पोंचत आहे, त्या बिनतारी लहरींची विद्या.

तिची कुळकथा मौजेची आहे. १९४५ सालीं मॉस्को येथील अमेरिकन वकिलास रशियन शाळकरी मुलांच्या हस्तें एक कोरींव लांकडी राजचिन्ह भेट मिळालें. त्यांत थेरेमिन या शास्त्रज्ञानें रचलेलें एक यंत्र दडविलेलें होतें. त्याला तार नव्हती, विजेची घटमालाहि नव्हती. बाहेरून लहरी सोडल्या कीं ते खोलींतील बोलणें त्या लहरींवर चढवून परत धाडी. तें उघडकीस आलें १९५२ मध्यें. दरम्यान १९४८ सालीं हॅरी स्टॉकमन यानें, परावर्तित लहरींनीं संदेश कसा देतां येईल, यावर निबंध प्रसिद्ध केला. १९७३ मध्यें मारिओ कार्डुलो यास स्मरणशक्ति असलेल्या बिनतारी टॅगचें पेटंट मिळालें. आरशानें कवडसा पाडावा, तसा हा टॅग आलेली लहर परत फेंकतो, आणि फेंकतांना आपली ओळख तिच्यांत मिसळतो. पुढें त्यास तापमान जाणणारा सूक्ष्म अवयव आणि चिमुकली बॅटरी यांची जोड मिळाली. आतां लशीच्या, रक्ताच्या किंवा फळांच्या पेटींतील असा टॅग, पेटी न उघडतां, सारा प्रवास घटकेघटकेनें सांगूं शकतो. आपल्या देशांत २०१५ पासून ‘ईविन’ या योजनेखालीं लशींच्या शीतपेट्यांवर तापमानाची नोंद घेणारीं यंत्रें बसविलीं गेलीं. मोबाईलच्या जाळ्यावरून तीं आंकडे धाडतात, आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास जबाबदार माणसास इशारा देतात. वहीला जी रात्र दिसत नव्हती, ती आतां दिसते.

श्रोतेहो, दोन शतकांचा हा प्रवास पाहिला म्हणजे समाधान वाटतें. पण एक विचारहि मनांत येतो. ठिपका आईला वाचतां येत होता. बिनतारी टॅगची साक्ष ज्याच्या हातीं वाचक-यंत्र, त्यालाच ऐकूं येते. मलकोवालच्या चौकशींत पुरावा नव्हता असें नाहीं. तो होता, परंतु त्यास मान द्यावयास कोणी तयार नव्हतें. कुपी आतां बोलूं लागली आहे. तिचें बोलणें कचेरीच्या पडद्यावरच विरून न जातां, शेवटच्या खेड्यांतील परिचारिकेच्या आणि तिच्यापुढें मूल घेऊन बसलेल्या आईच्या कानांपर्यंत पोंचलें, तरच अ‍ॅनासारख्या मुलांनीं एके काळीं आपल्या दंडावर वाहिलेलें ओझें खऱ्या अर्थानें उतरलें, असें म्हणतां येईल.